धाकट्याचा रंग

रंगारी हे त्याचं आडनाव नव्हतं आणि खरं तर धंदाही नव्हता. धंदा थोरल्या भावाचा. दादा लोकांची घरं रंगवायचा. जुना रंग खरवडायचा, पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा आणि मग दोन हात रंग द्यायचा, यात त्याची हयात चालली होती. धाकटा भाऊ शिकला, भौतिकशास्त्रातली पदवी घेतली आणि आपण डबे-ब्रशांतून सुटलो असं मानून अंतराळ संशोधन संस्थेत नोकरीला लागला. तिथे त्याच्या वाट्याला काम आलं ते रंग द्यायचंच. संस्थेत सगळे त्याला रंगारी म्हणू लागले. दादाला हे कळलं तेव्हा तो आधी शिडीवरून खाली उतरला आणि मग हसला. शिडीवर असताना हसायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला नियम होता.

रंगारीचं काम असं. दूरच्या ग्रहांकडे गेलेली यानं रंगीत छायाचित्रं पाठवतच नाहीत. ती आकडे पाठवतात. या ठिपक्यावर उजेड जास्त, त्या ठिपक्यावर कमी. कॅमेऱ्यापुढे ठरावीक उजेडच जाऊ देणारी एक काच धरून एक चित्र, दुसरी धरून दुसरं, तिसरी धरून तिसरं, तिन्ही काळी-पांढरी. मग त्यातल्या एकाला लाल म्हणायचं, एकाला हिरवं, एकाला निळं, आणि एकावर एक ठेवून द्यायचं, की झालं रंगीत चित्र. कुणाला काय म्हणायचं हे रंगारी ठरवायचा. "म्हणजे देवाचंच काम आहे रे," असं दादा म्हणाला होता. "फक्त देव कंत्राटावर नसतो."

हे मात्र दादाने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. रंगारी कंत्राटावर होता. दरवर्षी मुदत संपत आली की तो टेबलाचा खण रिकामा करायचा आणि मुदत वाढली की पुन्हा भरायचा. संस्थेत कायम माणूस आणि कंत्राटी माणूस ओळखायला ओळखपत्र बघावं लागत नसे. खुर्ची बघितली की पुरे. कायम माणसांच्या खुर्च्यांना हात होते, कंत्राटी माणसांच्या खुर्च्यांना नव्हते. रंगारीचे कोपर बरीच वर्षं हवेत लटकत होते, आणि कधीतरी ते हातावर टेकावेत एवढंच त्याचं स्वप्न होतं. ग्रहताऱ्यांच्या संस्थेत राहून माणसाने इतकं जमिनीवरचं स्वप्न पाहावं, याचं बायकोला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

संस्थेचा जीव ज्या ग्रहावर जडला होता त्याला दोन चंद्र होते. कागदोपत्री त्यांना लांबलचक क्रमांक होते, पण कामाच्या खोलीत सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. धाकटा म्हणजे दुर्बिणीतून पाहिलं तर नुसता एक ठिपका. डोंगरावरच्या दुर्बिणीवाल्यांनी त्या ठिपक्याच्या उजेडाची चिरफाड करून एक शोधनिबंध लिहिला होता, की हा चंद्र बहुधा मळकट करडा असावा. पण त्या निबंधात छायाचित्र नव्हतं, फक्त आलेख होता. आणि आलेख दिवाणखान्यात कोण लावतो? मग संस्थेचं यान धाकट्याच्या जवळून गेलं आणि चित्रं आली. अडचण एकच होती. त्या यानाचा कॅमेरा होता उष्णता टिपणारा. माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही असा उजेड तो पकडायचा. म्हणजे धाकट्याचे डोंगर दिसले, खड्डे दिसले, भेगा दिसल्या. रंग तेवढा यानानेही पाहिला नव्हता.

रंगारीने नेमाने तीन चित्रं एकावर एक ठेवली. जे झालं ते गार चहावरच्या सायीसारखं दिसत होतं. संचालकबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, की एवढं यान पाठवलं ते हे बघायला का; जरा जीव घाला त्यात. रंगारीने जीव घालायला घेतला. लाल थोडा वर, हिरवा पार खाली, निळा वर. चंद्र गुलाबी झाला, मग वांग्यासारखा झाला, आणि मग एका क्षणी असा काही जांभळा झाला की रंगारीचा हात थांबला. हा रंग आपला आहे, आपल्या ओळखीचा आहे, असं त्याला आतून वाटलं. त्याला तो साक्षात्कार वाटला.

साक्षात्कार वगैरे काही नव्हतं. दादाच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाने हॉलला जांभळा रंग मागवला होता आणि अर्धा डबा उरला होता. उरलेला रंग फुकट जाऊ नये म्हणून दादाने तो रंगारीच्या झोपायच्या खोलीला मारला होता. रंगारी रोज त्या भिंतींमध्ये डोळे मिटत होता आणि त्याच भिंतींमध्ये उघडत होता.

चित्राखाली त्याने दोन शब्द लिहिले होते: 'रंग प्रातिनिधिक'. म्हणजे, बाबांनो, हा रंग समजायच्या सोयीसाठी आहे, खरा म्हणून घेऊ नका. पण चित्राखालच्या पट्टीत संचालकबाईंचं संपूर्ण पदनाम बसेना. प्रसिद्धी विभागाने दोन्हीकडे पाहिलं, कुणाचं काय जाईल याचा विचार केला आणि ते दोन शब्द काढून टाकले.

झालं. जांभळा चंद्र जगभर गेला. शाळेच्या पुस्तकांत गेला, डब्यांवर गेला, चादरींवर गेला. संस्थेने आधी बोधचिन्ह जांभळं केलं, मग सभागृहाच्या खुर्च्या, मग फाटक. रंगारीच्या सासूबाई ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगू लागल्या, की तो चंद्र आमच्या जावयाने केला. दादाने तर कहरच केला. त्याने आपल्या कार्डावर 'चंद्र रंगवणाऱ्याचे सख्खे भाऊ' असं छापून घेतलं आणि 'धाकटा जांभळा' या नावाने तो रंग विकायला काढला. त्याच्या भागातल्या निम्म्या घरांत तेव्हा एक तरी खोली चंद्र झाली होती.

सुरुवातीला रंगारी कुणी विचारलं की खुलासा करायचा. मग कुणी विचारलं की करायचा, पण थोडक्यात. मग हसायचा नुसता. कौतुक हा असा रंग आहे की दुसऱ्या हातानंतर खालचं काही दिसत नाही.

पण खरी कमाल केली ती खनिजवाल्या सरांनी. संस्थेतले हे मोठे शास्त्रज्ञ. दगडाचा वर्णपट पाहून त्याची कुंडली मांडणारे. मूळ आकडे त्यांच्याकडे होते, कॅमेरा कसला असावा हे त्यांनीच ठरवलं होतं. तरी बरीच वर्षं ज्या माणसाने सकाळी जांभळ्या फाटकातून यावं, जांभळ्या खुर्चीत बसावं आणि जांभळ्या कपातून चहा प्यावा, त्याने डोळे मिटले की चंद्र कुठल्या रंगाचा दिसणार? सरांनी संस्थेच्या परिषदेत शोधनिबंध वाचला. विषय: धाकट्याच्या जांभळेपणाची कारणे. त्यात एक क्षार होता, त्या क्षारावर आदळणारे किरण होते, आणि निष्कर्ष होता की असं घडणं अटळ होतं. शेवटी सरांनी रंगारीचे जाहीर आभार मानले. सभागृहात सगळे त्याच्याकडे वळून बघू लागले. सर, ते कारण आमच्या दादाकडे डब्यात उरलं होतं, हे वाक्य रंगारीच्या ओठांपर्यंत आलं आणि गिळलं गेलं. शिवाय त्याच आठवड्यात कंत्राटाची मुदत वाढायची होती. गप्प बसण्याला त्या संस्थेत सहकार्य म्हणत.

मग दुसरं यान गेलं. यावर साधा, माणसासारखं पाहणारा कॅमेरा होता. संचालकबाईंनी रंगारीला बोलावून सांगितलं, की धाकट्याचं पहिलं खरंखुरं रंगीत छायाचित्र तुम्ही तयार करायचं, समारंभात ते पडद्यावर येईल, आणि त्याच्या पाठोपाठ तुम्हाला कायम करण्याचा प्रस्ताव मंडळापुढे जाईल. रंगारी आपल्या जागेवर परतला तो भांडारावरून. हातवाल्या खुर्च्या कुठे ठेवतात ते त्याने सहज म्हणून बघून घेतलं.

चित्रं आली ती भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना. यानाच्या अंगावर एक छोटी पाटी बसवलेली असते, तिच्यावर लाल, हिरवा, निळा, पिवळा आणि राखाडी असे चौकोन रंगवलेले. आधी तिचा फोटो घ्यायचा. राखाडी चौकोन राखाडी दिसेपर्यंत रंग जुळवायचे. तो जुळला की बाकी सगळं जुळलं. त्यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. रंगारीने राखाडी जुळवला आणि धाकट्याचं चित्र उघडलं.

धाकटा पायपुसण्याच्या रंगाचा होता.

रंगारीने पुन्हा जुळवून पाहिलं. पायपुसणंच. जुनं, बऱ्याच पायांनी वापरलेलं. पण तो बघत राहिला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि बघता बघता त्या मळकट रंगात त्याला वेगळंच दिसायला लागलं. एका कडेला खड्ड्यांच्या तळाशी पिवळसर झाक होती. भेगांच्या काठाने फिकट रेघ होती, जणू आतून काहीतरी झिरपून वाळलं होतं. जुन्या चित्रात हे सगळं जांभळ्याखाली बुजलं होतं. त्याने बुजवलं होतं.

संचालकबाईंनी चित्र पाहिलं आणि दार लोटून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नसत, म्हणून तर संचालक झाल्या होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की आपल्याला खोटं अजिबात बोलायचं नाही; पण आपल्या घरचं माणूस स्टेशनवरून येताना लोकांना ओळखू तर आलं पाहिजे की नाही.

"थोडी जांभळी झाक द्या," त्या म्हणाल्या. "ओळख पटण्यापुरती."

"मॅडम, झाक दिली तर पाटीवरचा राखाडी चौकोनही जांभळा होईल."

"मग पाटी कापून टाका."

रंगारी घरी आला तेव्हा दादा आलेलाच होता. नवीन कार्डं दाखवायला आला होता. धाकटा कसा आहे, असं त्याने सोयऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं. पायपुसण्यासारखा, असं रंगारीने सांगितल्यावर दादाने कार्डं परत खिशात घातली. मग त्याने आपली बाजू मांडली. गिऱ्हाइकाला जे हवं ते द्यायचं, हात जोडून द्यायचं. भिंतीला विचारायचं नसतं तुझा खरा रंग कोणता. आणि एका झाकेने तू कायम होत असशील आणि माझी लाजही राहत असेल, तर तुला अडचण काय आहे, हे मला कळत नाही.

बायको इतका वेळ खिडकीशी उभी राहून नवीन ड्रेस उजेडात धरून बघत होती. घेतलेला कपडा ती नेहमी खिडकीशी आणून बघायची, कारण झोपायच्या खोलीत कुठल्याच कपड्याचा रंग खरा दिसत नसे.

"भाऊजी," ती कपड्यावरची नजर न काढता म्हणाली, "पोरीची कावीळ आठवते ना?"

रंगारीची मुलगी लहान असताना आठवडाभर मलूल होती. त्या खोलीत निजलेली. आई बघायची, बाप बघायचा, आजी बघायची. रंग ठीक आहे म्हणायचे. त्या भिंतींच्या उजेडात पिवळं मूल पिवळं दिसतच नव्हतं. एका सकाळी चादर बदलायची म्हणून बायकोने तिला उचलून गॅलरीत आणलं, आणि मग सगळं घर धावलं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. या घरात ज्यांना झाली नव्हती त्यांनाच दिसलं नव्हतं.

"तेव्हाच म्हटलं होतं मी, तो रंग बदला म्हणून," बायको म्हणाली. "तर म्हणे चंद्र आहे, राहू दे." आणि ती ड्रेस घडी करून आत गेली. त्या विषयावर ती पुढे काही बोलली नाही. तिला बोलावं लागलं नाही.

समारंभ थाटात होता. जांभळा पडदा, जांभळी फुलं. खनिजवाले सर पहिल्या रांगेत. संचालकबाईंनी भाषण केलं आणि कळ दाबली. पडदा सरकला. पडद्यामागे, भल्या मोठ्या सभागृहाला पुरून उरेल एवढा, मळकट धाकटा होता. कोपऱ्यात राखाडी चौकोनाची पाटी होती. खाली दोन शब्द होते: 'रंग खरा'. पदनामाला या वेळी जागा मिळाली नव्हती.

मग मागच्या रांगेतून एका वार्ताहराने, घरातलं कुणी आजारी असावं अशा आवाजात विचारलं, की धाकट्याला झालं तरी काय?

रंगारी भिंतीला टेकून उभा होता. आता आपलं पितळ उघडं पडणार आणि उद्या खण रिकामा करायचा, तोही शेवटचा, हे त्याने गृहीत धरलं होतं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं वाटत होतं. पण संचालकबाई संचालक होत्या. त्यांनी चित्राकडे एकदा पाहिलं, रंगारीकडे एकदा पाहिलं, आणि मायक्रोफोन जवळ ओढून म्हणाल्या, "तोच तर आजचा शोध आहे. धाकट्याचा रंग उडाला आहे."

टाळ्या पडल्या. खनिजवाले सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, की आपल्या क्षाराचा स्वभाव पाहता असं उडणंही अटळ होतं, तसा उल्लेख जुन्या निबंधाच्या तळटीपेत सापडेल. रंगारी भिंतीपासून सुटला. आयुष्यात पहिल्यांदा तो सभागृहात न विचारता बोलला.

"तो कधीच जांभळा नव्हता," तो म्हणाला. "जांभळा मी दिला होता."

दुसऱ्या दिवशी ही बातमीही आलीच, पण आत, एका कोपऱ्यात: रंगबदलाबाबत एका कर्मचाऱ्याचं वेगळं मत. पहिल्या पानावर दोन्ही चंद्र शेजारी शेजारी होते, जांभळा आणि मळका. तब्येत सुधारण्याच्या जाहिरातीत असतात तसे, फक्त उलटे.

आठवड्याभराने संचालकबाईंनी त्याला बोलावलं. टेबलावर नेमणुकीचं पत्र होतं. 'धाकट्याचा रंगबदल: कारणे व परिणाम' हा पाच वर्षांचा मोठा प्रकल्प मंजूर झाला होता आणि त्यात रंगारीला जागा होती. कायम. रंगारीने ती ओळ वाचली, मग त्याच्या वरची वाचली. त्याचं काम असणार होतं जांभळा रंग नाहीसा होण्याचं कारण शोधणं.

"मॅडम, कारण मला माहीत आहे," तो म्हणाला. "आत्ता सांगतो."

"आत्ता सांगितलंत तर पाच वर्षं काय करायचं?"

खोलीत हात असलेली एक खुर्ची रिकामी होती. त्यांनी त्याला तीत बसायला सांगितलं होतं आणि तो बसला होता. दोन्ही कोपर टेकले होते. फार चांगलं वाटत होतं, हे त्याने नंतर बायकोजवळ कबूल केलं. इतकं चांगलं, की पत्र परत सरकवायला कोपर उचलावा लागेल हेच जड गेलं. त्याने विचारलं, की जुन्या चित्राखाली ते दोन शब्द छापता येतील का, 'रंग प्रातिनिधिक'. तेवढे छापा, मग मी सही करतो. संचालकबाई म्हणाल्या, की ते छापलं तर प्रकल्पच राहत नाही, आणि प्रकल्प राहिला नाही तर तुमची जागाही राहत नाही. तुम्ही हुशार आहात, विचार करा. रंगारीने विचार केला. मग उजवा कोपर उचलला.

तरी त्याला काढलं मात्र नाही. थोरल्याची चित्रं यायला लागली होती आणि संस्थेत राखाडी चौकोन जुळवणारा दुसरा कुणी नव्हता. मुदत आणखी वर्षभरासाठी वाढली. त्याने खण पुन्हा भरला. आता त्याच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ती पाटी असते; प्रसिद्धी विभागाला ते नवीन बोधचिन्ह वाटतं, त्यामुळे कुणी कापत नाही. रंगबदल प्रकल्पाची तिसरी परिषद नुकतीच झाली. त्यात त्याला बोलावलं नव्हतं, पण आभाराच्या यादीत तो होता.

दादाचं काय झालं, असं कुणी विचारेल, तर दादाचं सोनं झालं. रंगाचा बेरंग होईल म्हणून रंगारी धास्तावला होता, पण ज्या ज्या घरात चंद्र रंगवला होता तिथून दादाला बोलावणी येऊ लागली. वर रंग उडाला आणि आमच्या घरात अजून जुनाच, हे बरं दिसत नाही म्हणे. नवीन रंगाचं नाव त्याने 'अस्सल धाकटा' ठेवलं. पायपुसण्याचा रंग भिंतीवर इतका खपेल, हे त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

एका सुटीच्या सकाळी तो डबा घेऊन रंगारीकडे आला आणि कुणी काही म्हणायच्या आत झोपायच्या खोलीतला जांभळा खरवडायला बसला. हा डबा उरलेला नव्हता; नवा होता, त्याने सगळ्यांसमोर झाकण फोडलं. दुपारपर्यंत दोन हात झाले. रंगारी शिडी धरून उभा होता.

"खरा धाकटा याहून जरा पिवळट आहे," तो म्हणाला.

"तोंड बंद ठेव," दादा वरून म्हणाला. "म्हणून तर तू कायम होत नाहीस." आणि शिडीवर असूनही तो हसला, इतका, की रंगारीला शिडी दोन्ही हातांनी धरावी लागली.

भिंती वाळल्यावर बायको आत आली. तिने कपाट उघडलं, खिडकीशी न्यायचा राहून गेलेला एक ड्रेस काढला, अंगाशी लावला आणि आरशात पाहिलं. खिडकीकडे गेली नाही.

"हा मी हिरवा समजून घेतला होता," ती म्हणाली.